दहा मीटरचा कॅमेरा: मालवणचा समुद्र, मामा तलाव आणि एक विहीर

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहणाऱ्या माणसाचा समुद्राशी संबंध आठवडी बाजारात येणाऱ्या सुकटीपुरताच असतो. त्यामुळे पाण्याखाली चित्रण करणारा छोटा ॲक्शन कॅमेरा मी विकत घेतला, तेव्हा शाळेतल्या एका सहकाऱ्याने विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता: “मास्तर, पोहता तरी येते का?” पोहता येते, कारण आमचे बालपण तलावाच्या पाळीवर गेले, पण सिलिंडर पाठीला लावून समुद्राच्या तळाशी जाणे ही गोष्ट निराळी आहे आणि तेथे जाऊन पाहण्याजोगे चित्रण करून आणणे ही त्याहून निराळी. सव्वा वर्षात हा कॅमेरा मी मालवणच्या समुद्रात, आमच्या गावच्या मामा तलावात (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, ताब्यात असलेल्या तलावात) आणि एका विहिरीत वापरला. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

कॅमेऱ्याच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रार सांगायची आहे आणि एका नगावरून साऱ्या कंपनीला नावे ठेवणे मला बरोबर वाटत नाही. शिवाय, कोणत्याही वनस्पती तुपाला जसे डालडा म्हणतात, तसे आमच्याकडे अशा प्रत्येक कॅमेऱ्याला गोप्रोच म्हणतात. माझा कॅमेरा अंगाच्या साबणाच्या वडीएवढा आणि वजनाने दीडशे ग्रॅमच्या आसपास आहे. तो नुसता १० मीटरपर्यंत पाण्यात नेता येतो आणि वेगळी विकत मिळणारी पारदर्शक पेटी, म्हणजे हाउसिंग, चढवल्यास ६० मीटरपर्यंत. गोप्रोच्या हिरो १३ ब्लॅकचीही मर्यादा पेटीशिवाय १० मीटरच आहे. डीजेआय या दुसऱ्या कंपनीचा ऑस्मो ॲक्शन ४ पेटीशिवाय १८ मीटर आणि ॲक्शन ५ प्रो २० मीटर खोलीसाठी बनवलेला आहे. हे आकडे केवळ जाहिरातीचे नसतात, ते विकत घेणाऱ्याच्या गरजेशी ताडून पाहावे लागतात.

ताडून पाहायचे ते असे. समुद्रात दर १० मीटर खाली गेल्यावर दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट आणि २० मीटरवर तिप्पट होतो. ज्याने आधी कधीच डाइव्ह केलेली नाही, अशा पर्यटकाला पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार प्रशिक्षकासोबत जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेता येते आणि ओपन वॉटर हा पहिला अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या माणसाची मर्यादा १८ मीटर असते. म्हणजे १० मीटरचा कॅमेरा नवख्या माणसालाही काठावरच पुरतो आणि अभ्यासक्रम केलेल्याला पुरत नाही. दुकानदाराने मला “पाण्यात बिनधास्त वापरा” असे सांगितले होते. ते नळाखाली आणि नदीत खरे आहे, पण स्कूबासाठी, म्हणजे सिलिंडर लावून बुडी मारण्यासाठी, पेटी ही हौस नसून गरज आहे. कॅमेऱ्याची किंमत ठरवताना पेटीचे तीन-चार हजार रुपये पहिल्याच दिवशी धरून चालावे.

गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूर आणि तेथून घाट उतरून एसटीने मालवण, असा हजार किलोमीटरच्या वरचा प्रवास करून आम्ही डिसेंबरात पोहोचलो. मालवण-तारकर्लीची डाइव्हिंग पावसाळ्यात बंद असते आणि हिवाळ्याचे महिने पाण्याच्या स्वच्छतेच्या दृष्टीने बरे असतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, खडक आणि प्रवाळ असलेल्या उथळ भागात पर्यटकांना नेतात. पहिल्या बुडीला प्रशिक्षकाने कॅमेरा माझ्या हातात देण्यास साफ नकार दिला. त्या वेळी मनातून राग आला होता, पण दुसऱ्या दिवशी, थोडा सराव झाल्यावर, कॅमेरा हातात मिळाला तेव्हा त्याच्या नकाराचे कारण मला माझ्याच छातीत सापडले.

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो काढताना हात हलू नये म्हणून मी वर्षानुवर्षे श्वास रोखत आलो आहे. ही सवय पाण्याखाली जिवावर बेतू शकते. सिलिंडरमधली हवा आपण आजूबाजूच्या दाबाने घेत असतो. १० मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून माणूस वर आला, तर तीच हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसाला इजा होते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम श्वास कधीही न रोखण्याचा आहे. पट्टेरी माशांचा एक थवा समोर आला, मी कॅमेरा रोखला आणि नकळत श्वासही रोखला. छाती भरलेली असल्याने मी फुग्यासारखा वर उचलला जाऊ लागलो. प्रशिक्षकाने माझ्या जॅकेटचा पट्टा धरून मला खाली खेचले आणि स्वतःच्या रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरलेल्या श्वासनळीच्या तोटीतून, निघणाऱ्या बुडबुड्यांकडे बोट दाखवले. ते चित्रण माझ्याकडे आहे: थवा, मग अचानक वरचा पांढरा उजेड, मग एक बोट. चित्र स्थिर ठेवण्याचे काम कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची सोय करते आणि ती इतकी चांगली करते की आपण त्यासाठी श्वास रोखण्याची काहीच गरज नसते. खरे तर मला या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण तोच वाटला. मात्र ही सोय चित्राच्या कडा कापून काम करते आणि अंधाऱ्या पाण्यात तिच्यामुळे चित्र किंचित पुसल्यासारखे दिसते, हे लक्षात ठेवावे.

रंगांच्या बाबतीत बहुतेकांची निराशा होते आणि ते दोष कॅमेऱ्याला देतात. पाणी सर्वांत आधी तांबडा प्रकाश शोषून घेते; चार-पाच मीटरवरच लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो, त्याच्या पाठोपाठ नारिंगी आणि मग पिवळा, आणि उरते ते निळे-हिरवे. माझ्या भाच्याने मुद्दाम लाल टी-शर्ट घातला होता, तो चित्रणात वांग्याच्या भरतासारखा काळपट दिसतो. यावर तीन उपाय आहेत. भिंगासमोर लाल रंगाची काच लावणे हा स्वस्त उपाय आहे, पण ती काच लावून पाण्याबाहेर किंवा अगदी उथळ पाण्यात चित्रण केले तर सगळ्यांना गोवर आल्यासारखे वाटते. दुसरा उपाय दिव्याचा. दिवा सोबत असला की हरवलेला रंग हातभर अंतरापर्यंत परत येतो, त्यापुढे येत नाही. तिसरा उपाय घरी येऊन संगणकावर रंग सुधारण्याचा, पण जो रंग कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही तो संगणक कोठून आणणार? मला पटलेला उपाय या तिन्हींच्या आधीचा आहे: जवळ जाणे. पाण्यात वस्तू आहे त्याहून पाव अंतर जवळ आणि सुमारे तृतीयांशाने मोठी दिसते, त्यामुळे आपण पुरेसे जवळ आलो आहोत असा भास होतो आणि प्रत्यक्षात आपण दूरच असतो. कॅमेरा हातात आला त्या दिवसाच्या चाळीस मिनिटांच्या चित्रणातली पाच मिनिटेही कोणाला दाखवण्याजोगी नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशी मासा हाताच्या अंतरावर येईपर्यंत बटण दाबायचे नाही असे ठरवले, तेव्हा खवल्यावरचे ठिपके मोजता येतील इतके स्वच्छ चित्र मिळाले.

पाण्याखाली स्पर्शाचा पडदा चालत नाही, त्यामुळे सगळ्या सोयी किनाऱ्यावरच ठरवून न्याव्या लागतात. वरचे बटण एकदा दाबले की कॅमेरा चालू होऊन लगेच चित्रण सुरू व्हावे, अशी सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते आणि तीच वापरावी. पेटीचे बटण मात्र ताकद लावून दाबावे लागते. दोनदा मला वाटले की चित्रण सुरू आहे, आणि पाहतो तर कॅमेरा झोपलेला. पडद्याच्या कोपऱ्यातला लाल ठिपका पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. हातात धरायचा दांडा तरंगणारा असावा की नसावा यावर मतभेद आहेत. उथळ पाण्यात पोहणाऱ्याला तो उपयोगी आहे, कारण कॅमेरा सुटला तर वर येतो. पण डाइव्ह करताना तोच दांडा सतत हात वर ओढतो. मी साधा दांडा आणि मनगटाला पक्की दोरी, असे करतो.

पेटीच्या आत धुके धरणे ही आणखी एक डोकेदुखी. किनाऱ्यावरच्या दमट, उष्ण हवेत पेटी बंद केली आणि थंड पाण्यात नेली की आतली वाफ भिंगासमोरच्या काचेवर बसते; कॅमेरा चालू असताना स्वतः तापतो, त्यामुळे ते आणखी वाढते. पहाटे किंवा थंड खोलीत पेटी बंद करावी आणि आत ओलावा शोषणारी लहान पट्टी सरकवून ठेवावी, म्हणजे हा त्रास जवळपास जातो. बुडी झाल्यावर कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवणे आणि प्रत्येक बटण पाण्यातच दहा-वीस वेळा दाबणे हे मी मालवणात ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंकडून शिकलो. त्यांच्या अंगणात तीन बादल्या याच कामासाठी ठेवलेल्या होत्या. मीठ वाळून बटणाच्या फटीत बसले की नंतर निघत नाही.

आता तक्रार. समुद्रात या कॅमेऱ्याला काही झाले नाही. झाले ते आमच्या गावच्या तलावात, गुडघाभर पाण्यात. धानाची मळणी चालू होती, हवेत तूस उडत होते आणि मी घराच्या ओसरीवर बसून बॅटरी बदलली. झाकणाच्या आतल्या रबरी पट्टीवर तुसाचा एक कण बसला असावा. कण केवढा, तर नखाच्या टोकावर मावेल एवढा. पण पट्टी आणि झाकण यांच्यात तेवढी फट पाण्याला पुष्कळ झाली. पाणी फारसे खोल नसल्याने मी पेटी लावलेली नव्हती. दहा मिनिटांत पडदा फडफडला आणि बंद पडला. नागपूरच्या दुरुस्ती केंद्रात सांगितले, की पाणी शिरल्यास वॉरंटी लागू होत नाही आणि हा कॅमेरा उघडून दुरुस्त होत नाही; जुना देऊन सवलतीत नवा घ्यावा लागेल. पाण्यात चालतो म्हणून जो विकला जातो, त्याला पाण्यापासूनच संरक्षण नाही, हे मला आजही पटलेले नाही. विकत घेण्यापूर्वी वॉरंटीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, एवढेच मी सांगू शकतो.

गावात प्रत्येकाने तो तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला दिला. धानाच्या मुलखात दुसरा सल्ला मिळणे कठीणच आहे. पण तुसामुळे बिघडलेली वस्तू कोंड्यात ठेवण्याचे मला धाडस झाले नाही. बॅटरी आणि कार्ड काढून, झाकण उघडे ठेवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह तो चार दिवस बरणीत ठेवला आणि दैव बलवत्तर म्हणून सुरू झाला. एका बाजूचा माइक अजून बसक्या आवाजात बोलतो. पाण्याखाली तसाही बुडबुड्यांखेरीज काही ऐकू येत नाही. त्यानंतर मी नवे झाकण मागवले, आणि आता झाकण लावण्यापूर्वी उजेडात पट्टी पाहतो, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसतो आणि उथळ पाण्यातही पेटी लावतो. पेटीच्या स्वतःच्या रबरी कड्यालाही हीच शिस्त लागते. नवी पेटी आधी कॅमेऱ्याशिवाय, आत कागदी रुमाल ठेवून, पाण्यात बुडवून पाहावी. रुमाल कोरडा निघाला तरच कॅमेरा आत घालावा.

आमच्याकडच्या उन्हाविषयीही दोन वाक्ये लिहायला हवीत. माहितीपुस्तिकेत ३५ अंशांपर्यंत वापरावा असे लिहिलेले आहे आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. पाळीवर उभे राहून चित्रण करताना कॅमेरा बारा-पंधरा मिनिटांत तापून बंद पडतो. पाण्यात उतरवला की तासभर कुरकुर न करता चालतो.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा आहे. येथे मी सिलिंडर लावून उतरलो नाही आणि कोणी उतरूही नये. गाळ, वेली आणि जुनी जाळी यांत अडकण्याचा धोका असतो आणि सोबतीला जाणकार नसतो. मी विटेला कॅमेरा बांधून बांबूने तळावर ठेवला आणि वर बसून राहिलो. तलावातले पाणी हिरवे आणि कणांनी भरलेले असल्याने समुद्रासाठी घेतलेली लाल काच येथे कुचकामी ठरते. हिरव्या पाण्यासाठी जांभळट-गुलाबी काच लागते. दिवा भिंगाच्या शेजारीच लावला तर प्रत्येक कण चमकतो आणि पाण्यात पीठ उधळल्यासारखे दिसते, म्हणून दिवा बाजूला, तिरपा आणि हातभर दूर ठेवावा.

आमच्या भागातल्या काही तलावांत मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी बेशरम नावाचे तण उपटून काढले आणि चिला, चिऊल, गाद अशा स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. अशा वनस्पती असलेल्या काठाला आणि उघड्या गाळाच्या काठाला, एकाच सकाळी, एकाच तलावात मी कॅमेरा ठेवून पाहिला. गाळाकडे वीतभर अंतरापलीकडे काही दिसले नाही; वनस्पतींकडे चार फुटांपर्यंत चिऊलच्या फितीसारख्या पाती, त्यांवर चढलेल्या गोगलगायी आणि पातींतून ये-जा करणारी बारीक मासोळी स्पष्ट दिसली. माती खाली बसते आणि मुळे ती धरून ठेवतात, हे मी वर्गात फळ्यावर शिकवत आलो होतो.

ऑगस्टमध्ये मरळ मासा पिलांसह सापडला. मरळाची पिले तांबूस असतात, शेकड्यांनी एकत्र राहतात आणि हवा घेण्यासाठी पुन्हा पुन्हा पृष्ठभागावर येतात; त्यांच्या खाली आई-बाप पहारा देतात. वरून पाहिले तर पाण्यावर पाऊस पडल्यासारखी थरथर दिसते, बाकी काही नाही. कॅमेऱ्याने मात्र खालून पाहिले: पिलांचा केशरी ढग, त्याखाली मनगटाएवढा जाड मरळ, आणि कॅमेऱ्याच्या काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसल्यावर त्याने मारलेली धडक. डोंगा घेऊन माझ्यासोबत आलेल्या, साठी ओलांडलेल्या ढिवर काकांनी ते चित्रण मोबाइलवर तीनदा पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, जनमभर याच पान्यात हावो, पन खालून पायलं नोतं.” मग त्यांनी मला पिलांपासून कॅमेरा लवकर काढायला सांगितले, कारण बाप दूर गेला की बाकीचे मासे पिलांवर ताव मारतात. आम्ही कॅमेरा काढला.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. ४के चित्रणाचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट धरला तर तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते, म्हणून १२८ जीबीचे आणि व्ही३० दर्जाचे (हा दर्जा कार्डाच्या वेगाचा) कार्ड घ्यावे. हलके कार्ड मध्येच दम तोडते. एक बॅटरी मला सलग चित्रणात तासाभराहून थोडी अधिक पुरते, दोन असाव्यात. कॅमेरा, पेटी, काच, दिवा, कार्ड, दांडा असे सगळे मिळून मूळ किमतीच्या दीडपट खर्च आला. ज्याला आयुष्यात एकदाच मालवणला जाऊन अर्धा तास पाण्यात राहायचे आहे, त्याने हा कॅमेरा घेऊ नये. डाइव्ह करवणारे लोक स्वतःच चित्रण करून देतात आणि पहिल्या खेपेला ते आपल्यापेक्षा नक्कीच बरे असते. ज्याच्या घराजवळ तलाव, नदी किंवा विहीर आहे आणि ज्याला थांबून पाहण्याची सवय आहे, त्याला मी तो घ्यायला सांगेन, पेटीसह.

विहिरीचे म्हणाल तर ती गोष्ट योगायोगाने घडली. शेजाऱ्यांचा पंप पाणी ओढेना आणि पंपाच्या तळाचा व्हॉल्व्ह, ज्याला आमच्याकडे सर्रास फुटबॉल म्हणतात, तो गाळात बसला की फुटला हे विहिरीत माणूस उतरवल्याशिवाय कळेना. मी कॅमेरा पेटीत घातला, दोरीला बांधला, त्याच्या दोन हात वर दिवा लटकवला आणि सगळे तीस फूट खाली सोडले. वर काढून पाहिले तर व्हॉल्व्हच्या जाळीत पॉलिथिनची पिशवी अडकलेली स्वच्छ दिसली. लोखंडी आकडा टाकून ती अर्ध्या तासात निघाली. तेव्हापासून पोळ्याच्या आधी आणि धान निसवताना कॅमेऱ्याला मागणी असते. हे लिहीत असतानाही तो माझ्याकडे नाही, दोरीसकट पलीकडच्या टोलीवर, म्हणजे वस्तीवर, गेलेला आहे, आणि झाकणाची पट्टी पुसून मगच बंद करा असे मी दोनदा बजावून सांगितले आहे.